एक खांदा जमिनीला

आमच्या तळोज्याच्या कंपनीत दर वर्षी मेडिकल चेकअपची गाडी यायची आणि सगळ्यांचा ईसीजी निघायचा, एकट्या पैलवानांचा सोडून. डॉक्टर म्हणायचा, "काका, पाठीवर झोपा." पैलवान म्हणायचे, "बसून काडा." डॉक्टर म्हणायचा, बसून नीट येत नाही. मग पैलवान शर्टाची बटणं लावत उठायचे आणि मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, "आवो, ज्या पाठीला जत्रंतल्या एका गड्याला माती लावता आली न्हाई, ती तुमच्या ह्या रेक्झिनला लावू व्हय?" डॉक्टर दर वर्षी नवीन असायचा. त्याला वाटायचं काकांच्या डोक्यावर परिणाम झालाय.

पगाराच्या स्लिपवर त्यांचं नाव काहीही असो, कंपनीत ते पैलवानच. स्टोअर इन्चार्ज. मूळचे साताऱ्याकडचे, राहायला कोपरखैरण्याला. कान मोडलेले, मान जवळजवळ नाहीच, आणि जिना चढताना गुडघे असे वाजायचे की वर बसलेल्यांना कळायचं, पैलवान आले. पन्नाशी कधीच उलटली होती, पण चालताना दोन्ही हात अजून अंगापासून लांब.

पाठ टेकणे हा प्रकार त्यांच्या आयुष्यातच नव्हता. न्हावी खुर्ची मागे कलवायला गेला की ते त्याचा हात धरायचे. कंपनीच्या सहलीला स्लीपर बस केली होती, त्यात हा माणूस कुशीवर पडून महाबळेश्वरपर्यंत आला. मी एकदा त्यांच्या घरी जेवायला गेले होते तेव्हा वहिनी म्हणाल्या, "लगीन झाल्यापास्नं ह्यांना उताणं झोपल्यालं म्या बघितलं न्हाई. पालथं न्हाईतर कुशीवर. आजारी पडलं तरीबी." आणि पैलवान भाकरी मोडत, कुणी आपलं कौतुक करावं तसे मान हलवत होते.

दुसरी खोड म्हणजे निकाल. कुठलीही गोष्ट अधांतरी राहिली की या माणसाला घाम फुटायचा. चहा फिका आला की, "ह्याचा निकाल लावा, च्या हाय का पानी?" मीटिंगमध्ये मॅनेजर "बघू" म्हणाला की पैलवान उभे, "बगू म्हंजे काय साहेब? व्हय म्हना न्हाईतर न्हाई म्हना, पन निकाली करा." मॅनेजर त्यांना घाबरून असायचा. एका वर्षी मीटिंगच्या यादीतून त्यांचं नाव गुपचूप काढलं, तर हे आपली खुर्ची घेऊन दारात येऊन बसले.

आता यात मी कुठे आले, तेही सांगते. मी तिथे लॅबमध्ये होते, आणि संध्याकाळी जुईनगरला एका सोसायटीच्या हॉलमध्ये जुजुत्सूचा क्लास घ्यायचे. अजून घेते. ब्राझीलवाली जुजुत्सू. कुस्तीची चुलत बहीणच म्हणा. मारामारी नाही, लाथाबुक्क्या नाही, जाडा कोट घालायचा, कमरेला पट्टा बांधायचा आणि धरपकड करायची. फरक एवढाच की कुस्तीत पाठ टेकली की संपतं, आणि आमचं तिथून सुरू होतं. समोरच्याचा हात पिरगळून नाहीतर मान आवळून त्याला "बास" म्हणायला लावायचं, नाहीतर पॉइंटवर जिंकायचं. आम्ही जुईनगरचे आगरी, इथलेच. माझ्या आईला हे सगळं अजून पटलेलं नाही. पोरीने लॅबमध्ये नोकरी करावी आणि संध्याकाळी पुरुषांच्या माना आवळाव्या, हे ती नातेवाइकांत कुठल्या तोंडाने सांगणार!

एकदा कॅन्टीनमध्ये मी सुजलेल्या बोटांवर बर्फ लावून बसले होते. पैलवान चहा घेऊन समोर आले आणि सगळी चौकशी केली. नियम काय, वेळ किती, पंच कोण. मग कप खाली ठेवून विचारलं, "आन् बरोबरी झाली तर?"

"आमच्यात बरोबरी नसते. पॉइंट सारखे झाले तर पंच कौल देतात. कुणीतरी एक जिंकतोच."

"म्हंजे निकाल लागतोच?"

"लागतोच."

पैलवान खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "मॅडम, मी आयुष्यात एकबी कुस्ती हारलो न्हाई."

"अरे वा!"

"आन् एकबी जिकलो न्हाई."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण नाही हो. तरुणपणी इतक्या जत्रा केल्या, सगळ्या कुस्त्या बरोबरीत सुटल्या. का, तर पाठीची भीती. "डाव टाकला की पाठ उगडी पडती बगा. म्हनून म्या डावच टाकला न्हाई. नुसती खडाखडी. माजी कुस्ती लागली की मान्सं उटून च्या प्यायला जायाची." गावात त्यांना 'बरोबरी पैलवान' म्हणायचे. मेव्हणा तर अजून चारचौघांत ओळख करून द्यायचा, "हे आमचे बरोबरीचे दाजी." सगळे हसायचे, पैलवानही हसायचे.

"एक निकाली पायजे," ते म्हणाले. "एकच. मग रिटायर झालो तरी काय न्हाई."

हे बोलताना त्यांचा आवाज इतका हळू झाला की मी बर्फ लावायचं विसरले. मोठ्या माणसाने असं मनातलं काढून टेबलावर ठेवलं की आपल्याला कुठे बघावं तेच कळत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पैलवान हॉलच्या दारात. हातात नारळ, पेढ्यांचा पुडा, आणि माझ्या पायाला हात लावायला वाकलेले. मी उडीच मारली मागे. "अहो काय करताय! तुम्ही माझ्या वडलांच्या वयाचे!" तर म्हणाले, "तालमीत वय नसतंय. तुमी वस्ताद, मी पठ्ठा." त्या दिवसापासून कंपनीच्या गेटच्या आत मी मॅडम आणि हॉलच्या दाराच्या आत वस्ताद. हे त्यांनी एकदाही चुकवलं नाही. आईला कळलं तर ती म्हणाली, "आगो, यो तुजा इद्यार्थी हाय का सासरा?"

पहिल्या आठवड्यात त्यांनी गावाकडच्या तालमीची पिशवीभर लाल माती आणून माझ्या मॅटवर शिंपडली. ताक, हळद, लिंबू, तेल घालून मुरवलेली माती. "मातीबिगर अंगाला जोर येत न्हाई वस्ताद." सगळ्यांचे पांढरे कोट विटकरी झाले, सोसायटीच्या सेक्रेटरीने मला नोटीस दिली, आणि पैलवान हॉल झाडताना मलाच समजावत होते की या मातीने त्वचा सुधारते. माझं डोकं फिरलं होतं, पण पंधरा जणांचे कोट त्यांनी घरी नेले आणि वहिनींना हात लावू न देता स्वतः धुतले.

आमच्यात एक डेंटिस्ट होती, वजनाने पैलवानांच्या निम्मीसुद्धा नसेल. आधी तर ते तिच्याशी खेळायलाच तयार नव्हते. "बाईमानसाच्या अंगाला हात कसा लावू?" मी म्हटलं, वस्ताद बाई चालते, जोडीदार बाई चालत नाही? मग तिला हात जोडून नमस्कार केला आणि उतरले. उभ्याने तिला काही जमू देईनात, पण तिने कसातरी त्यांचा तोल घालवला. खाली पडता पडता पैलवान गर्रकन पालथे झाले. पाठ वाचवली. कुस्तीत हेच करतात. आणि आमच्यात याच्याइतकी मोठी चूक नाही, कारण पालथा माणूस म्हणजे पाठ फुकट दिलेला माणूस. डेंटिस्ट पाठीवर चढली, कोटाची कॉलर मानेभोवती ओढली. पैलवान लालबुंद झाले तरी "बास" म्हणेनात, शेवटी घाबरून तिनेच सोडलं.

पैलवान खोकत उठले, घाम पुसला आणि विजयी मुद्रेने सगळ्यांकडे बघून म्हणाले, "पाठ लागली का? न्हाई लागली!"

हे रोज. रोज कुणीतरी त्यांना पालथं घालून मान आवळायचं आणि रोज हे न हरता घरी जायचे. मी समजावलं, ओरडले, व्हिडिओ दाखवले. खाली या, पाठीवरून खेळायला शिका. ऐकतच नव्हते. एक दिवस मी कमरेवर हात ठेवून सगळ्यांसमोर ओरडले, "पैलवान, त्या पाठीचं आता लोणचं घाला!" पैलवान मान खाली घालून पट्टा सोडायला लागले.

अरे देवा, म्हटलं, हा माणूस आता येत नाही. आणि मग मला काय सुचलं कोण जाणे. मी त्यांच्यासमोर मॅटवर बसले आणि विचारलं, "पैलवान, कुस्तीत चीत कधी धरतात?"

"दोन्ही खांदं टेकल्यावर."

"एकच टेकला तर?"

"एकाला कोन इच्यारतंय? दोन्ही पायजेत."

"मग एकच टेका ना!"

पैलवानांचा हात पट्ट्यावरच थांबला.

मी त्यांना हाफ गार्ड दाखवला. समोरचा वर, आपण खाली, आणि त्याचा एक पाय आपल्या दोन पायांत घट्ट धरलेला. तो पुरता सुटलेला नाही, आपण पुरते सापडलेले नाही. आणि त्याचं सगळं मर्म एकाच गोष्टीत आहे: उताणं पडायचं नाही. कुशीवर राहायचं, एकाच खांद्यावर. खालून त्याच्या बगलेत हात घालायचा, डोकं त्याच्या छातीला चिकटवायचं, त्याचा हात आपल्या तोंडावरून आडवा येऊ द्यायचा नाही. तो तुम्हाला सपाट करायला जीव टाकतो. सपाट झालात की गेलात. कुशीवर टिकलात तर हळूहळू कोपरावर, मग गुडघ्यावर, आणि गुडघ्यावर आलात की समोर त्याचा पाय असतोच.

"गुडघ्यावर आलो की पट काडायचा," पैलवान म्हणाले. पाय धरून पाडण्याला कुस्तीत पट काढणं म्हणतात.

"मग! मी काय वेगळं सांगतेय?"

त्यांनी पट्टा पुन्हा बांधला.

आता खरं सांगते, हाफ गार्ड शिकवताना माझा निम्मा वेळ एकच वाक्य बोलण्यात जातो, "सपाट होऊ नका." माणूस दमला की आपोआप उताणा होतो, त्याला काय करणार? पैलवानांना हे वाक्य मला कधी सांगावंच लागलं नाही. दुसरा खांदा मॅटला लागणार म्हटलं की त्यांच्या अंगात कुठून बळ यायचं देव जाणे. इंचभर वर तरंगत राहायचा तो खांदा. डेंटिस्ट त्यांच्यावर लोंबकळायची, ढकलायची, शेवटी वैतागून म्हणायची, "ताई, यांना खाली स्प्रिंग बसवलीय का?" ज्या खोडीने त्यांना जन्मभर अडवलं होतं, तीच इथे त्यांच्या कामाला आली. मला इतका आनंद व्हायचा ते बघून की मी दुसऱ्यांना शिकवायचं सोडून उभी राहायचे.

सराव मग कंपनीतही चालू झाला. एक दिवस सेफ्टी ऑफिसर स्टोअरमध्ये डोकावला तर इन्चार्ज जमिनीवर आडवे, अंगावर कसल्यातरी पावडरचं भरलेलं पोतं, आणि दोन्ही पायांत दुसरं पोतं. त्याने सायरन वाजवला. अख्खा प्लांट गेटबाहेर गोळा झाला, ॲम्ब्युलन्स आली. पैलवान पोत्याखालून ओरडतायत, "आरं थांबा, बगलंत हात जातोय आत्ताच!" त्याबद्दल त्यांना मेमो मिळाला. तो त्यांनी घडी घालून खिशात ठेवला आणि विचारणाऱ्याला अभिमानाने दाखवला.

आणि मग नेरूळला एका शाळेच्या हॉलमध्ये स्पर्धा आली. वयस्कर गटात पैलवानांचं नाव घातलं. त्या वयाचे आणि वजनाचे दोघेच निघाले, म्हणजे एकच लढत. जिंकला तो जिंकला, हरला तो हरला. पैलवान म्हणाले, "हेच पायजे." बघायला वहिनी आल्या, कंपनीतले लोक आले, आणि मेव्हणाही आला. साताऱ्याहून खास, खांद्याला पिशवी लावून. आल्या आल्या मला म्हणाला, "मॅडम, दाजींची कुस्ती म्हंजे मी डबा आनलाय. टाइमपास पायजे ना."

समोरचा गडी पुण्याच्या कुठल्यातरी मोठ्या क्लासचा. पन्नाशीचा, पण व्यायामाने घासूनपुसून ठेवलेला. पंचांनी हात खाली केला आणि पैलवानांनी असा शड्डू ठोकला की शेजारच्या मॅटवरची लढत क्षणभर थांबली.

पण नंतर? खडाखडी. मानेला हात, मनगटाला हात, पुढे ढकल, मागे रेट. तो पुण्याचा जवळ येऊ देईना आणि हे पुढे जाईनात. पाच मिनिटांची लढत, निम्मी अशीच गेली. मी मॅटच्या कडेला बसून ओरडत होते आणि मला दिसत होतं काय चाललंय. हा माणूस परत तेच करत होता. पाठ सांभाळत होता. पॉइंट शून्य-शून्य. असंच संपलं तर पंचांचा कौल, आणि तो मिळाला तरी पैलवान त्याला कधी आपलं म्हणणार नव्हते. मागून डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मेव्हण्याने खरंच डबा काढला होता.

"पैलवान, खाली बसा!" मी ओरडले. "तुम्ही स्वतः बसा! एक खांदा!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरणार नाही. पोहता न येणाऱ्याला खाडीत उडी मार म्हटल्यावर तो बघेल तशी. मग त्यांनी त्या गड्याची कॉलर धरली आणि, काय सांगू तुम्हाला, आपणहून खाली बसले. कुणी पाडलं नाही, ढकललं नाही. स्वतः बसले, कुशीवर गेले आणि त्याचा पाय दोन्ही पायांत अडकवला.

"आरं देवा, दाजी आपलं आपनच पडलं!" मेव्हणा ओरडला. वहिनींनी पदर तोंडाला लावला. कंपनीतले दोघेतिघे तर "जाऊ दे, जाऊ दे" म्हणत उठलेसुद्धा.

"बसा सगळे!" मी त्यांच्यावर खेकसले. "एकच खांदा टेकलाय!"

पुण्याचा गडी कसलेला होता. सगळं वजन टाकून तो पैलवानांना सपाट करायला लागला, हनुवटीत कोपर घुसवलं. दुसरा खांदा खाली येत होता. आला, आला, आता लागणार. आणि तिथे थांबला. मेव्हण्याला एकदम काहीतरी उमजलं. त्याने डबा टाकला आणि मॅटच्या कडेला पालथा पडून, गाल फरशीला लावून खांद्याखाली बघायला लागला, जत्रेत पंच बघतात तसा. "लागला न्हाई! दाजी, हवा हाय खाली! लागला न्हाई!"

त्या आवाजाने असेल किंवा कशाने, पैलवानांचा हात त्याच्या बगलेत गेला. डोकं छातीला लागलं. कोपर टेकलं. मग एक गुडघा, मग दुसरा, ते वाजलेलेसुद्धा मला ऐकू आले. शेवटचं अर्ध मिनिट उरलं होतं. आणि मग त्यांनी ते केलं जे उभ्या जन्मात केलं नव्हतं. डाव टाकला. त्याचा लांबचा पाय धरला आणि सगळी पाठ उघडी टाकून, कसलाही हिशोब न करता, आत घुसले. पट! तो गडी आडवा, पैलवान त्याच्यावर. पंचांनी दोन बोटं वर केली. दोन पॉइंट.

"धरा! धरून ठेवा!" मी, मेव्हणा, डेंटिस्ट, वहिनी, सगळे एकदम. वहिनी तर मॅटवर येत होत्या, त्यांना दोघांनी धरलं. शिट्टी वाजली.

पंचांनी दोघांना मध्ये उभं केलं आणि दोघांची मनगटं धरली. पैलवानांचा चेहरा एकदम उतरला. मला आधी कळेना का, मग कळलं. कुस्ती बरोबरीत सुटली की पंच दोघांचेही हात वर करतात, आणि या माणसाची प्रत्येक कुस्ती अशीच संपली होती. त्यांनी डोळे मिटून घेतले.

पंचांनी एकच हात वर केला.

पैलवानांनी डोळे उघडून आधी आपल्या हाताकडे बघितलं, मग वाकून समोरच्याच्या हाताकडे. "वस्ताद, त्येंचा खालीच हाय न्हवं?"

"खालीच आहे हो! खालीच आहे!" मी रडत होते, सांगायला लाज कसली.

मग पैलवान धावले. आखाड्याला फेरी मारतात तशी अख्ख्या हॉलला फेरी, हात वर करून, बाकीच्या सगळ्या मॅटवरून. माइकवाला ओरडतोय, "काका, मॅच चालू आहे, काका बाजूला व्हा!" आणि मी त्यांच्यामागे पळतेय. मेव्हण्याने तोवर गावाकडे फोन लावून स्पीकरवर टाकला होता. "आवो दाजींनी कुस्ती मारली!" पलीकडून कुणीतरी म्हातारं माणूस खदखदून हसलं, "बरोबरीत ना?"

"बरोबरीत न्हाई, निकाली!"

"आरं जा! त्यो आन् निकाली! कुनाला सांगतोयस?" पलीकडे चारपाच जण हसत होते.

पैलवानांनी फोन हातात घेतला. बोलायला गेले तर आवाजच फुटेना. इकडेतिकडे बघितलं आणि सरळ त्या पुण्याच्या गड्याकडे गेले. तो खुर्चीत बसून पाणी पीत होता. पैलवानांनी फोन त्याच्या तोंडासमोर धरला.

तो आधी गोंधळला. मग त्याने पैलवानांच्या चेहऱ्याकडे बघितलं, बाटली खाली ठेवली आणि उभा राहून फोनमध्ये मोठ्याने बोलला, "काका, मी बोलतोय. समोरचा. मला पाडलं त्यांनी. मी हरलो."

मग फोनमधून इतका आरडाओरडा झाला की पैलवानांना तो हातभर लांब धरावा लागला.